दुकानातली गाडी, मैदानातली गाडी

१९८८ साली सुरू झालेल्या जागतिक सुपरबाइक स्पर्धेचे आकर्षण एका अटीत होते : शर्यतीतली गाडी मुळात दुकानात विकली जाणारी हवी. कार्ल फोगर्टीने डुकाटीवर चार विजेतेपदे मिळवली, तेव्हा ब्रँड्स हॅचला गर्दी लोटे. २००२ मध्ये ग्रांप्रीत ९९० सीसीची चार-स्ट्रोक इंजिने आली. जपानी कारखान्यांचे लक्ष तिकडे वळले. एडवर्ड्स आणि बेलिस हे बिनीचे स्वारही पुढच्याच हंगामात गेले. २०१५ ते २०२० सलग सहा वेळा जिंकणाऱ्या जोनाथन रेला ओहोटीचा दोष देतात. पण वारंवार फोगर्टीही जिंकत होता. खरे कारण बाजारात आहे. २००८च्या मंदीनंतर युरोपात अशा गाड्यांचा खप घसरला. मैदानातली गाडी घरी नेणारा प्रेक्षकच विरळ झाला, तेव्हा त्या अटीतली जादूही ओसरली.