अरुणा शानभाग, दोन सिनेमे आणि आमच्या घरातला एक कागद

आजचा भागही पार्ल्यातल्या घरातूनच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मध्येच डोक्यावरून विमान गेलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात घरापासूनच. तीन वर्षांपूर्वी आजी आयसीयूत होती. अकराव्या दिवशी डॉक्टर फॉर्म घेऊन बाहेर आले. व्हेंटिलेटर लावायचा की नाही? कॉरिडॉरमध्ये बाबा, काका, आत्या आणि मी. आजीला पोह्यात शेंगदाणे चालत नाहीत हे चौघांनाही पाठ होतं. तिला हे नळ्यांचं जगणं चालेल का, हे एकालाही माहीत नव्हतं. विचारणार कोण? 'अशुभ बोलू नकोस' हे उत्तर घराघरात तयारच असतं. शेवटी 'नको' म्हणून काकांनी सही केली. त्यानंतर बाबा कित्येक महिने त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

तेव्हापासून मी एका जुन्या प्रकरणाबद्दल वाचतोय. तुम्ही नाव ऐकलं असेल : अरुणा शानभाग.

27 नोव्हेंबर 1973. परळचं केईएम रुग्णालय. अरुणा तिथे नर्स, वय 25, मूळची उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला आणि कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा ऑक्सिजन तुटला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षं. अरुणा मात्र 18 मे 2015 पर्यंत त्याच रुग्णालयात होती. साडेएकेचाळीस वर्षं! आपण सरसकट 'कोमा' म्हणतो, पण कोमात माणूस डोळे उघडत नाही. तिचे डोळे उघडायचे, झोप-जाग चालू होती, भान मात्र जवळपास नव्हतं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही खरं तर. सुप्रीम कोर्ट तिच्याबद्दल बोललं 2011 मध्ये. मराठी नाटक त्याच्या कितीतरी आधी बोलत होतं. दत्तकुमार देसाईंनी 'कथा अरुणाची' लिहिलं ते 1994-95 च्या सुमारास. आधी कॉलेजच्या पोरांनी ते केलं, मग 2002 मध्ये विनय आपटेंनी रंगमंचावर आणलं. मधल्या काळात, 1998 ला, पिंकी विराणींचं इंग्रजी पुस्तक आलं.

याच विराणी 2009 मध्ये कोर्टात गेल्या : अरुणाला जबरदस्तीने भरवणं थांबवा, तिला सुटू द्या. समोर केईएमच्या नर्सेस. एक पिढी निवृत्त झाली, पुढची आली, पण तिला न्हाऊ-माखू घालणं थांबलं नाही. इतकी वर्षं अंथरुणावर असून तिला बेडसोअर नव्हते. ज्यांच्या घरी कुणी आजारी पडून आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. 7 मार्च 2011 ला कोर्टाने सांगितलं की तिच्या वतीने बोलायचा हक्क विराणींचा नाही, या कर्मचाऱ्यांचा. याचिका फेटाळली. पण त्याच निकालात, ठरावीक परिस्थितीत, हायकोर्टाच्या परवानगीने उपचार काढून घेता येतील असंही म्हटलं. नर्सेसनी पेढे वाटले.

मला त्या पेढ्यांचा आधी राग यायचा. आता येत नाही. दोन्ही बाजू तिच्यासाठीच भांडत होत्या. फक्त तिचं म्हणणं कुणाकडेच नव्हतं. आमच्या भाषेत, इनपुट रिकामा असला की डिफॉल्ट चालतं. हॉस्पिटलचं डिफॉल्ट म्हणजे 'चालू ठेवा'.

आणि पंचविसाव्या वर्षी हे कोण सांगून ठेवतं? मी तरी कुठे सांगितलंय?

आमच्या घरात तोंड उघडलं ते सिनेमामुळे. आधी 'अनुमती', गजेंद्र अहिरेंचा. बायको बेशुद्ध आहे, पैसे संपत आलेत, आणि डॉक्टर नवऱ्याकडे सही मागताहेत. विक्रम गोखल्यांना यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण अर्ध्यातच बाबा उठून गॅलरीत गेले. ते पुरेसं उत्तर होतं. मी गप्प बसलो.

मग कधीतरी 'व्हेंटिलेटर' लावला, 2016 चा, राजेश मापुसकरांचा. तोंडावर गणपती, काका आयसीयूत आणि हॉस्पिटलात नातेवाइकांची ही जत्रा. आत्या हसून हसून रडली. इथे कुणी 'तुमचं काय?' असं विचारत नव्हतं. सगळे पडद्यावरच्या त्या काकांबद्दल बोलत होते. 'मुलाने असं करायला नको होतं.' 'अरे, पण म्हाताऱ्याला विचारलंय का कुणी?' आणि बाबा, टीव्हीकडेच बघत : 'माझं असं लांबवू नका हं.'

आवाज म्यूट करून मी म्हटलं, 'बाबा, लिहून द्याल?'

लिहून देता येतं, बरं का. 2018 च्या निकालाने लिव्हिंग विलला मान्यता दिली. आधी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करावं लागायचं. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपण बोलू शकत नसू तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा, त्यांची नावंही त्यातच लिहायची.

आमचा कागद अजून कच्चाच आहे, फ्रिजवरच्या फाइलमध्ये. काल सहज उघडून बघितला. निर्णय घेणाऱ्यांत पहिलं नाव बाबांनी काकांचं लिहिलंय. माझं दुसरं.

काकांना अजून सांगितलेलं नाही.