माळशेज घाट

माळशेज घाट : सह्याद्रीतील घाटरस्ता व पावसाळी धबधब्यांसाठी प्रसिद्ध असलेले पर्यटनस्थळ. पायथा ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, तर माथा पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात. माथ्याची उंची सुमारे ७०० मी.; कल्याणहून अंतर सुमारे ८५ किमी.

येथील डोंगर लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचे आहेत. कठीण बेसाल्टचे थर उभे कडे होऊन राहिले, मऊ थर झिजून मधल्या पायऱ्या पडल्या. त्यामुळे धबधबे एका झेपेत न कोसळता टप्प्याटप्प्याने उतरतात. त्यांतील बहुतेकांना नाव नाही. जून ते सप्टेंबर ते रस्त्यालगतच्या कड्यांवरून वाहतात आणि पाऊस सरला की आटतात. दरीतून वर चढणारा वारा जोराचा असला, तर कड्यावरून पडणारे पाणी तुषार होऊन उलटे वर उडते. परिसरातील सर्वांत भव्य प्रपात काळू नदीचा. तो मुख्य रस्त्यापासून आत असून तेथे पायवाटेनेच जावे लागते.

घाटमाथा हा जलविभाजक आहे. पूर्वेकडचे पाणी कुकडी, घोड, भीमा व कृष्णा या नद्यांतून बंगालच्या उपसागरास मिळते. पश्चिमेकडे कोसळलेले पाणी घेऊन काळू नदी टिटवाळ्यावरून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. शनिवार-रविवारी कल्याण-डोंबिवलीचे पर्यटक ज्या धारांखाली भिजतात, त्यांचे पाणी असे त्यांच्याच गावाकडे येते.

कोकणातील बंदरे व जुन्नर यांना जोडणाऱ्या वाटा या भागात प्राचीन काळापासून आहेत. जवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. माथ्यावरील खिरेश्वर गावी नागेश्वराचे प्राचीन मंदिर असून येथूनच तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाता येते. कुकडी प्रकल्पातील पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशयही जवळच आहे.

कल्याण–अहिल्यानगर राष्ट्रीय महामार्ग (क्र. ६१) घाटातून जातो. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी असा मार्ग असून आळेफाटा, जुन्नर व अहिल्यानगरकडे जाणाऱ्या एसटी गाड्या सोयीच्या पडतात. माथ्यावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. हंगामात रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर भाजलेली कणसे, भजी व चहा मिळतो.

ज्या थरांमुळे धबधब्यांना रूप आले, त्यांतच येथला धोका आहे. खडकांच्या भेगांत पाणी मुरून दरडी कोसळतात व वाहतूक बंद पडते. दाट धुक्यात वळणे दिसत नाहीत. अतिवृष्टीच्या काळात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर जाण्यास मनाई करते, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवशीचा आदेश पाहून घ्यावा. कड्याखाली गाडी उभी करू नये, शेवाळलेल्या कातळावर चढू नये आणि प्लास्टिक घाटात टाकू नये. पाण्याबरोबर तेही काळूतून उल्हास नदीत उतरते.