बोहाडा

ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतील आदिवासी गावांचा मुखवट्यांचा उत्सव; यास भोवाडा असेही म्हणतात. जव्हार-मोखाडा भागात ही परंपरा आजही जोमात आहे. (हे दोन्ही तालुके २०१४ मध्ये नव्या पालघर जिल्ह्यात गेले.) मोखाड्याचा जगदंबा उत्सव विशेष प्रसिद्ध आहे.

होळीनंतर शेतीची कामे थंडावली की गावोगाव बोहाडा भरतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक सोंग नाचत पुढे येते. मान आधी गणपती-सरस्वतीचा. मग रावण, नरसिंह वगैरे सोंगे. पहाटेच्या सुमारास देवी व महिषासुर यांचे युद्ध रंगते.

मुखवटे गावातच लाकडातून कोरतात किंवा कागदाच्या लगद्याचे करून रंगवतात. रावणाची दहा तोंडे डोक्यावर पेलून नाचणे हे ताकदीचे व सरावाचे काम. सोंगाचा मान बहुधा घराण्याकडे वंशपरंपरेने असतो आणि मुखवट्याची पूजा केल्याशिवाय तो चढवत नाहीत. म्हणूनच बोहाड्याला गोव्याच्या कार्निव्हलच्या पंक्तीत बसवणे अपुरे ठरते: येथे मिरवणूक आहे, तसेच दैवतही आहे.