थी बुई

थी बुई (जन्म : इ.स. १९७५, सायगॉन, दक्षिण व्हिएतनाम) या व्हिएतनामी-अमेरिकन चित्रकथाकार, चित्रकार व अध्यापिका आहेत. 'द बेस्ट वुई कुड डू' (इ.स. २०१७) या चित्रमय आत्मकथनामुळे त्या प्रसिद्धीस आल्या. युद्धानंतर व्हिएतनाम सोडून परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे आणि त्यांतील आईवडील व मुले यांच्यामधील अंतर हा त्यांच्या कामाचा मुख्य विषय आहे. त्यांचे शिक्षण शिल्पकलेचे होते आणि व्यवसाय शिक्षकाचा. चित्रकथेकडे त्या वळल्या, त्या आपल्या कुटुंबाची हकिगत अन्य कोणत्याही माध्यमात नीट मांडता येईना म्हणून. त्यांचे पहिले पुस्तक त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर प्रसिद्ध झाले.

प्रारंभिक जीवन

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉनचा पाडाव झाला आणि व्हिएतनाम युद्ध संपले. बुई यांचा जन्म त्यापूर्वी सुमारे तीन महिने झाला. त्यांचे आईवडील दोघेही शिक्षक होते. इ.स. १९७८ मध्ये या कुटुंबाने होडीतून समुद्रमार्गे देश सोडला. त्या वेळी आई गर्भवती होती. मलेशियातील पुलाऊ बेसार येथील निर्वासितांच्या छावणीत तिने मुलाला जन्म दिला. इ.स. १९७५ ते १९९५ या काळात सुमारे ८ लाख व्हिएतनामी लोक अशा रीतीने होड्यांतून शेजारच्या देशांच्या किनाऱ्यांना लागले. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना 'बोट पीपल' असे नाव दिले.

अमेरिकेत हे कुटुंब प्रथम इंडियाना राज्यात नातेवाइकांकडे उतरले व पुढे कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे राहू लागले. आईवडिलांच्या पदव्यांना तेथे किंमत नव्हती. आई विजेच्या उपकरणांचे सुटे भाग जोडण्याचे काम किमान वेतनावर करी आणि वडील घरी राहून धाकट्या दोन मुलांना सांभाळत. वडिलांचा अबोल, भीतीने ग्रासलेला स्वभाव आणि बंद दारांआड गेलेले ते दिवस बुई यांनी पुढे विस्ताराने रेखाटले आहेत.

शिक्षण व अध्यापन

बुई यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कला व विधी-अध्ययन या विषयांचे शिक्षण घेतले. नागरी हक्कांच्या क्षेत्रात वकिली करण्याचा त्यांचा विचार होता; तथापि त्या कलेकडे वळल्या. बार्ड कॉलेजमधून त्यांनी शिल्पकलेची आणि न्यूयॉर्क विद्यापीठातून कलाशिक्षणाची पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यानंतर त्यांनी सार्वजनिक शाळांमध्ये कलाशिक्षिका म्हणून काम केले. कॅलिफोर्नियातील ऑकलंड इंटरनॅशनल हायस्कूल या शाळेच्या संस्थापक शिक्षकांपैकी त्या एक होत. नव्याने अमेरिकेत आलेल्या आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी ही शाळा इ.स. २००७ मध्ये सुरू झाली. येथे त्यांनी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या स्वतःच्या स्थलांतराच्या कथा चित्रकथेच्या रूपात काढून घेतल्या. ज्याची इंग्रजी वाक्यरचना अजून बसलेली नाही, अशा मुलालाही चौकटीत चित्र काढून चार शब्दांत आपला प्रवास सांगता येतो, हा या पद्धतीचा लाभ होता. इ.स. २०१५ पासून त्यांनी कॅलिफोर्निया कॉलेज ऑफ द आर्ट्समध्ये चित्रकथा या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात अध्यापन केले.

'द बेस्ट वुई कुड डू'

शीर्षकाचा अर्थ 'आमच्याने झाले तेवढे आम्ही केले' असा होतो. या पुस्तकाचे मूळ इ.स. २००२ च्या सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठात केलेल्या मौखिक इतिहासाच्या प्रकल्पात आहे. बुई यांनी आईवडिलांच्या आठवणी नोंदवून लेखन, छायाचित्रे व चित्रे यांची त्यांना जोड दिली. परंतु अशा मांडणीत माहिती जमा झाली तरी माणसे दूरच राहत होती. त्याच सुमारास आर्ट स्पीगलमन यांचे 'माउस' आणि मर्जान सत्रापी यांचे 'पर्सेपोलिस' ही पुस्तके त्यांच्यापुढे होती. पहिल्यात नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची व दुसऱ्यात इराणी क्रांतीच्या काळातील बालपणाची कथा चित्रांतून सांगितली आहे. हेच माध्यम आपल्या कथेला योग्य आहे असे बुई यांनी ठरवले. त्यांना तेव्हा चित्रकथा काढता येत नव्हती; ती त्या हे पुस्तक करता करता शिकल्या. शाळेतील नोकरी आणि मुलाचे संगोपन यांमुळे काम अनेक वर्षे चालले. अखेर मार्च २०१७ मध्ये अ‍ॅब्रम्स कॉमिकआर्ट्स या प्रकाशनसंस्थेने ते प्रसिद्ध केले.

पुस्तकाचा आरंभ इ.स. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात बुई यांच्या मुलाच्या जन्माने होतो. स्वतः आई झाल्यावर त्यांना आपल्या आईची धावपळ नव्याने दिसू लागते. आईची बाळंतपणे उलट्या क्रमाने येतात : प्रथम मलेशियाच्या छावणीतील, मग सायगॉनमधील आणि त्याही मागची. त्यांत दगावलेल्या अपत्यांचाही समावेश आहे. वडिलांच्या बालपणात उत्तर व्हिएतनाममधील इ.स. १९४५ चा दुष्काळ, फ्रेंच फौजांपासून जमिनीखाली लपून काढलेले दिवस आणि इ.स. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाल्यावर दक्षिणेत झालेले स्थलांतर येते. आईचे बालपण याच्या उलट, फ्रेंच शाळा व सुस्थितीतील घर यांत गेलेले आहे. लहानपणी न उमगलेल्या वडिलांच्या भीतीचे मूळ वाचकाला अशा रीतीने लेखिकेबरोबरच सापडत जाते. त्या वडिलांचे समर्थन करीत नाहीत व त्यांच्यावर आरोपही ठेवत नाहीत. शीर्षकातील 'तेवढे' या भावनेचे बळ येथेच आहे.

युद्धाच्या प्रचलित प्रतिमांशीही हे पुस्तक वाद घालते. इ.स. १९६८ मध्ये सायगॉनच्या रस्त्यावर पोलीसप्रमुखाने एका बंदिवानाला गोळी घातली, ते एडी अ‍ॅडम्स यांनी टिपलेले छायाचित्र जगभर गाजले. बुई त्या छायाचित्राभोवतीची परिस्थिती उलगडतात आणि एका क्षणाच्या प्रतिमेवरून संपूर्ण दक्षिण व्हिएतनामचा निवाडा कसा झाला, हे दाखवतात. अमेरिकी चित्रपटांतून व्हिएतनामी माणूस बहुधा पार्श्वभूमीला असे. येथे तो कथेच्या केंद्रस्थानी आहे.

चित्रशैली

या पुस्तकातील चित्रे काळ्या शाईच्या कुंचल्याने काढलेली असून त्यांवर विटकरी-नारिंगी छटेच्या एकाच रंगाचा पातळ हात दिलेला आहे. जुन्या छायाचित्राचा उबदारपणा आणि गंजाची छाया असे दोन्ही परिणाम या रंगाने साधतात. चेहरे मोजक्या रेषांत आहेत. समुद्र, पाऊस व रात्र यांना मात्र पूर्ण पानांचा विस्तार मिळतो. लहान मुलीच्या पाठीवर व्हिएतनामच्या नकाशाच्या आकाराची पोकळी असलेले चित्र विशेष लक्षात राहते : सोडून आलेला देश शरीरात रिकामी जागा होऊन बसला आहे, हा आशय त्यात शब्दांवाचून उमटतो. छावणीत काढलेली कुटुंबीयांची ओळखपत्रावरील मूळ छायाचित्रेही पुस्तकात आहेत. तोवर रेखाटनांतून परिचित झालेले चेहरे तेथे अचानक खरे होऊन समोर येतात. संबोधनांसाठी त्यांनी 'बो' (वडील) व 'मा' (आई) हे व्हिएतनामी शब्दच ठेवले आहेत.

'अ डिफरंट पाँड' व नंतरचे कार्य

इ.स. २०१७ मध्येच कवी बाओ फी यांच्या 'अ डिफरंट पाँड' या बालपुस्तकासाठी बुई यांनी चित्रे काढली. मिनिआपोलिस शहरातील एक निर्वासित बाप पहाटेच्या अंधारात मुलाला घेऊन तळ्यावर मासे धरायला जातो. हा छंद नसून त्या दिवसाच्या जेवणाची सोय आहे. बापाला व्हिएतनाममधील दुसरे तळे आणि तेथे सोबत असलेला, पुढे युद्धातून न परतलेला भाऊ आठवतो. या पुस्तकात बुई यांनी नारिंगी छटा सोडून पहाटेच्या निळ्या रंगांचा आश्रय घेतला आणि बालपुस्तकाच्या मोठ्या चित्रांमध्ये चित्रकथेच्या चौकटी मिसळल्या.

'चिकन ऑफ द सी' (इ.स. २०१९) हे कादंबरीकार व्हिएत थान न्युएन यांनी आपल्या लहान मुलासह लिहिलेले पुस्तक आहे. बुई यांनीही त्याची चित्रे स्वतःच्या मुलाच्या साथीने काढली. शेतावरच्या कोंबड्या चाचेगिरी करायला समुद्रावर निघतात अशी ही विनोदी कथा आहे. यानंतर बुई यांनी आग्नेय आशियाई निर्वासितांची अमेरिकेत होणारी अटक व हद्दपारी या विषयावर वृत्तान्तपर चित्रकथा केल्या. बालपणी निर्वासित म्हणून आलेल्या, पण नागरिकत्व न मिळालेल्या व्यक्तीला जुन्या गुन्ह्याच्या शिक्षेनंतरही देशाबाहेर काढले जाऊ शकते, हा या कामाचा विषय आहे.

समकालीन चित्रकथाकार

याच अनुभवविश्वातून इतर चित्रकथाकारांनीही लेखन केले आहे. अमेरिकेत जन्मलेल्या जी. बी. ट्रान यांचे 'व्हिएतनामेरिका' (इ.स. २०११) बुई यांच्या पुस्तकाआधीचे आहे. फ्रान्समध्ये मार्सेलिनो ट्रुओंग यांनी सायगॉनमधील बालपणावर चित्रमय आत्मकथन लिहिले (इ.स. २०१२). ट्रुंग ले न्युएन यांच्या 'द मॅजिक फिश' (इ.स. २०२०) मध्ये एक मुलगा आपल्या मनातील गोष्ट आईला सांगण्यासाठी परीकथांचा आधार घेतो, कारण दोघांजवळ त्यासाठी समान भाषा नाही. घरात बोलता न आलेले चित्रांतून बोलणे हा या सर्वांमधील समान धागा होय.

सन्मान

'द बेस्ट वुई कुड डू' या पुस्तकाला इ.स. २०१८ चा अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाला. नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पुरस्काराच्या आत्मचरित्र विभागात व आइसनर पुरस्कारासाठीही त्याला नामांकन होते. बिल गेट्स यांनी इ.स. २०१७ मधील आपल्या आवडीच्या पाच पुस्तकांत त्याचा उल्लेख केला. सिएटल सार्वजनिक ग्रंथालयाने इ.स. २०१९ मध्ये शहराच्या सामूहिक वाचन उपक्रमासाठी त्याची निवड केली. 'अ डिफरंट पाँड'च्या चित्रांना इ.स. २०१८ मध्ये कॅल्डेकॉट सन्मान प्राप्त झाला.