सादृश्याची मर्यादा : ‘टंग्ज अनटाइड’ आणि दोन लढ्यांचा इतिहास

वंशभेदाविरुद्धचा लढा आणि समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा लढा यांचे नाते अमेरिकेच्या सार्वजनिक चर्चेत बहुधा उपमेच्या रूपाने मांडले गेले आहे. समलिंगी व्यक्तींची स्थिती कृष्णवर्णीयांच्या स्थितीसारखी आहे किंवा नाही, असा प्रश्न विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावर पुढचे राजकारण उभे राहते. उपमेची अट साहित्यशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवली आहे : उपमेय आणि उपमान भिन्न असावे लागतात. ही अट येथे लागू केली, की कृष्णवर्णीयही आहे आणि समलिंगीही आहे अशी व्यक्ती तुलनेच्या आरंभीच गहाळ होते. मार्लन रिग्ज यांचा ‘टंग्ज अनटाइड’ (१९८९) हा ५५ मिनिटांचा चित्रपट या गहाळ व्यक्तीचा चित्रपट होय. जिभेची बंधने सुटणे असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. ही बंधने कोणी बांधली, याचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय या चित्रपटाच्या रूपबंधाचे प्रयोजन स्पष्ट होत नाही.

प्रथम उपमेचा इतिहास पाहू. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ मध्ये आदेश काढून सैन्यदलातील वांशिक विलगीकरण संपविण्याचा मार्ग खुला केला. १९९० नंतर समलिंगी व्यक्तींवरील सैन्यबंदी उठविण्याची मागणी पुढे आली तेव्हा याच आदेशाचा दाखला देण्यात आला. सैन्यदलांच्या संयुक्त समितीचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष कॉलिन पॉवेल यांनी १९९२ मध्ये हा दाखला नाकारला. वर्णाचा वर्तनाशी संबंध नसतो, लैंगिकतेचा मात्र असतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. एका पक्षाने सादृश्य प्रतिपादिले, दुसऱ्याने ते खोडून काढले. परंतु कृष्णवर्णीय एकीकडे आणि समलिंगी दुसरीकडे, हे गृहीतक दोघांनाही समान होते. वर्णाने पॉवेल यांच्या बाजूचा आणि लैंगिकतेने त्यांच्या प्रतिपक्षाचा असलेला सैनिक या वादात कोठेच उभा राहू शकत नव्हता.

ही अनुपस्थिती केवळ तार्किक नव्हती. चळवळींच्या व्यवहारातून ती घडत आली होती. बायर्ड रस्टिन यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गांधीप्रणीत अहिंसेचा अभ्यास केलेल्या आणि १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराच्या काळात मार्टिन ल्यूथर किंग यांना साहाय्य केलेल्या या संघटकाला १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी वर्तनाबद्दल अटक झाली होती. १९६० मध्ये याच गोष्टीच्या धाकाने त्यांना किंग यांच्या निकटवर्ती वर्तुळातून दूर व्हावे लागले. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची उभारणी त्यांच्याकडे होती, तरी मोर्चाचे नेतृत्व औपचारिकपणे ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नावे ठेवण्यात आले. मोर्चाला काही आठवडे उरले असताना सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी सिनेटमध्ये त्या जुन्या अटकेचा उच्चार केला. रँडॉल्फ रस्टिन यांच्या पाठीशी राहिले आणि मोर्चा झाला. चळवळीने रस्टिन यांचे कौशल्य स्वीकारले, पण ज्या जीवनातून ते आले होते त्याविषयी मौन पाळले. या मौनाला वैयक्तिक संकोच म्हणता येणार नाही. शत्रूच्या हाती शस्त्र लागू नये म्हणून सहकाऱ्यांनीच ते आवश्यक ठरविले होते.

मौनाला छेद देणारे आवाज पुढच्या दशकात उमटू लागले. ब्लॅक पँथर पक्षाचे ह्यूई न्यूटन यांनी ऑगस्ट १९७० मध्ये स्त्रीमुक्ती आणि समलिंगी मुक्ती या चळवळींशी मैत्री करण्याचे आवाहन आपल्या सहकाऱ्यांना केले. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे असे आहे. ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या संज्ञेची कक्षा भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया यांच्यापर्यंत विस्तारली. न्यूटन यांच्या आवाहनातील समलिंगी मुक्तीचा धागा मात्र त्या विस्तारात आला नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रीवादी गटाने १९७७ मध्ये आपल्या निवेदनात वंश, वर्ग, लिंगभाव आणि लैंगिकता यांचे दमन एकमेकांत गुंतलेले असल्याचे सांगितले. १९८६ मध्ये जोसेफ बीम यांनी कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचे ‘इन द लाइफ’ हे संकलन सिद्ध केले. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कायदा वैध मानला. हा निर्णय २००३ पर्यंत टिकला. रिग्ज यांचा चित्रपट या लेखनाच्या आधाराने आणि या कायद्याच्या छायेत निर्माण झाला.

रिग्ज यांनी हार्वर्ड विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास केला होता. अमेरिकन लोकसंस्कृतीतील कृष्णवर्णीयांच्या विकृत प्रतिमांचा मागोवा घेणाऱ्या ‘एथ्निक नोशन्स’ या आधीच्या अनुबोधपटात त्यांनी निवेदक, तज्ज्ञ आणि पुरावा अशी रूढ मांडणी स्वीकारली होती. ‘टंग्ज अनटाइड’मध्ये ती त्यांनी सोडली. येथे सर्वज्ञ निवेदक नाही; एसेक्स हेम्फिल आणि इतर कवींच्या कविता, कुजबुज, गाणे, नृत्य, विनोद आणि कबुली यांची सरमिसळ आहे. ज्यांच्याविषयी इतरच बोलत आले त्यांच्याविषयी आणखी एक तज्ज्ञ बोलल्याने मौन सुटत नाही. आरंभी बंधुत्वाचे संबोधन अनेक कंठांतून वाढत्या लयीत येते. बोलणारा एकटा नाही, हे विषयाच्या आधी लयीतून कळते.

जॉर्जियातील शाळकरी वयाच्या कथनात रिग्ज स्वतः कॅमेऱ्यासमोर बसतात आणि मध्येमध्ये शिव्या उच्चारणाऱ्या तोंडांचे क्लोज-अप येतात. काही तोंडे गोरी आहेत, काही काळी. कोणी वर्णावरून हिणवतो, कोणी लैंगिकतेवरून, कोणी स्वजनद्रोहावरून. हिणवले जाणारे शरीर मात्र एकच आहे. तेथून निवेदन सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात येते. समलिंगी जीवनाच्या या मुक्त वस्तीत रिग्ज यांना स्वतःचे प्रतिबिंब सापडत नाही. काळा पुरुष दिसलाच तर तो गोऱ्या वासनेचे खेळणे म्हणून दिसतो. दुसरीकडे एडी मर्फी यांच्या समलिंगी पुरुषांवरील विनोदाला हशा मिळतो आहे. दोन्ही घरांतून उंबऱ्याबाहेर राहिलेल्या व्यक्तीला ‘तुझे दुःख कोणासारखे?’ असे विचारणे निरर्थक ठरते. साहित्यशास्त्रात उपमेय हेच स्वतःचे उपमान होते त्या अलंकाराला अनन्वय म्हणतात. या चित्रपटाची अनुभूती त्या जातीची आहे. किंबर्ले क्रेनशॉ यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदर्भात ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संज्ञा मांडली तीही १९८९ मध्येच. कायद्याच्या मीमांसेने आणि चित्रपटाने एकाच पोकळीवर स्वतंत्रपणे बोट ठेवले.

अखेरच्या भागात एड्सने मृत्यू पावलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या निधनवार्ता पडद्यावर येतात. निर्मितीच्या काळातच रिग्ज यांना स्वतःच्या एचआयव्ही-बाधेचे निदान कळले होते, त्यामुळे या दृश्यांतील घड्याळ त्यांचेही आहे. नागरी हक्क चळवळीच्या मोर्चांच्या जुन्या चित्रफितींना कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या मोर्चाची दृश्ये जोडली आहेत. वरवर पाहता हीही उपमाच वाटेल. परंतु येथे एक समूह दुसऱ्याचा वारसा उसना घेत नाही. ज्या वारशाच्या उभारणीत रस्टिन यांच्यासारख्यांचे श्रम होते, तो वारसा त्याचे वारसदार मागत आहेत. चित्रपटाने साधलेला इतिहासलेखनाचा हस्तक्षेप या जोडणीत आहे.

चित्रपटाचे स्वागत कसे झाले, तेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९९१ च्या जुलैमध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीवर त्याचे प्रसारण ठरले तेव्हा अनेक स्थानिक केंद्रांनी ते नाकारले. चित्रपटाला ५,००० डॉलरचे अनुदान सार्वजनिक कलानिधीतून मिळाले होते. त्याचे निमित्त करून पॅट ब्यूकॅनन यांनी १९९२ च्या प्राथमिक निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याविरुद्धच्या जाहिरातीत त्यातील दृश्ये वापरली. रिग्ज यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये उत्तर देताना या जाहिरातीचे नाते १९८८ च्या निवडणुकीत एका कृष्णवर्णीय कैद्याचे चित्र वापरून पसरविलेल्या भीतीशी जोडले. वंशद्वेष आणि समलिंगीद्वेष यांची सांगड घालण्यासाठी द्वेष करणाऱ्यांना उपमेची गरज भासली नव्हती.

चित्रपटाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. कृष्णवर्णीय पुरुषांचे परस्परप्रेम हीच क्रांतिकारक कृती, असा बीम यांच्या विचारातून आलेला निष्कर्ष शेवटी दिला जातो. रिग्ज यांचा दीर्घकाळचा जोडीदार गौरवर्णीय होता, हे मात्र चित्रपटात येत नाही. मौनाविरुद्धच्या कृतीत हे एक मौन शिल्लक राहिले. कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रियाही येथे जवळपास अनुपस्थित आहेत. रिग्ज यांचे १९९४ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी निधन झाले; सहकाऱ्यांनी पूर्ण केलेल्या ‘ब्लॅक इज... ब्लॅक एन्ट’ या त्यांच्या अखेरच्या चित्रपटात ‘खरा कृष्णवर्णीय कोण?’ हा प्रश्न स्त्रियांच्या आवाजांसह पुन्हा उघडला गेला.

सादृश्य निरुपयोगी असते, असा याचा अर्थ नाही. न्यायालये पूर्वनिर्णयाने, म्हणजे एका अर्थी उपमेनेच विचार करतात. आंतरवंशीय विवाहबंदी रद्द करणाऱ्या १९६७ च्या ‘लव्हिंग’ खटल्याचा आधार समलिंगी विवाहाला घटनात्मक मान्यता देणाऱ्या २०१५ च्या निर्णयात घेतला गेला आणि असंख्य जीवनांना त्याचा लाभ झाला. परंतु ‘यांना जे मिळाले ते त्यांनाही मिळो’ एवढेच उपमा म्हणू शकते. ‘हे’ आणि ‘ते’ एकाच देहात नांदत असतील तर काय मिळाले आणि काय उरले, याचा हिशेब तिच्या कक्षेबाहेर राहतो. २०२२ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयाने ‘टंग्ज अनटाइड’ला राष्ट्रीय चित्रपट नोंदपटात स्थान दिले. ज्याच्या प्रसारणाला केंद्रांनी नकार दिला तो चित्रपट राष्ट्राच्या ठेव्यात जमा झाला. त्याने मांडलेला हिशेब मात्र अद्याप मिटलेला नाही.