तीन वर्षांचा कागद

पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी आसपासचे शेतकरी सावकारांच्या दारात जमले. त्यांनी मागितल्या त्या वह्या आणि कर्जाची खतं. हाती लागली ती जाळली. सावकार बहुतेक मारवाडी-गुजराती. आम्ही निपाणीकडचे जैन, शेती आणि तंबाखूवाले. तरी ही गोष्ट निघाली की आमच्याही घरात जरा गप्प बसतात.

कागदावर एवढा राग का? त्याचं मूळ १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा करायचा, नाहीतर हक्क गेला. व्याज तुंबत राहू नये, हा त्यातला चांगला हेतू. झालं भलतंच. तिसरं वर्ष सरत आलं की सावकार नवं खत लिहून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिसळे. मग त्या व्याजावरही व्याज. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागायचं नाही. पण व्याजच मुद्दल झालं तर दंडक कशाला लावणार? कुळाला अक्षर येत नसे. तो ‘निशाणी नांगर’ करून मोकळा होई. पुढे १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत कोर्टाला खतामागचा सगळा हिशेब उकरून बघायची मुभा दिली.

हे सगळं मी वाचलं ते अप्पांच्या पेटीमुळे. अप्पा आता थकलेत, ऐकू कमी येतं, आणि समोर येईल त्याला ‘देऊ की’ म्हणतात. हातउसने दिलेले पैसे, व्याज नाही. सावकारीचा परवाना आमच्या घरात कधीच नव्हता, धंदाही नव्हता. पण आता मागणारे माझ्याकडे येतात. “अक्का, अप्पा हो म्हणालेत, तेवढं बघा की.” कुणाला उसाच्या लागणीला, कुणाला पोरीच्या नर्सिंगच्या फीला. मी रक्कम, तारीख लिहून सही मागते. मग चेहरा पडतो. “आमच्यावर इश्वास न्हाई व्हय?” सुप्याचा कागद यांनी वाचलेला नाही, पण कागदाची भीती मुरलेली आहे.

मी लिहूनच घेते. अप्पांना काल काय बोलले ते आज आठवत नाही. उद्या घेणाऱ्यानं ‘फेडले’ म्हटलं आणि भावानं ‘नाही’ म्हटलं तर मधे कोण उभं राहणार? आणि कागद कुळालाही लागतो, हप्ता दिल्याची नोंद त्याच्या घरीही हवी. म्हणून मी दोन प्रती करते.

पेटीत जुन्या चिठ्ठ्या आहेत. साध्या प्रॉमिसरी नोटेलाही आजच्या कायद्यात तीनच वर्षं. मुदतीच्या आत घेणाऱ्यानं देणं लिहून मान्य केलं तर पुन्हा तीन. भाऊ म्हणतो, सगळ्यांकडून नव्यानं सह्या घे. अप्पांना विचारलं तर म्हणाले, “त्यांच्या दारात कागद घेऊन जाऊ नकोस.” एवढं मात्र त्यांना नीट ऐकू आलं.

त्यातल्या दोन चिठ्ठ्यांची मुदत या दिवाळीला संपते. एकीवर सही आहे, दुसरीवर अंगठा.