दोन जिवांची बाई आणि झोपलेला क्षय

26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या. वय 21. आदल्याच वर्षी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या होत्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू 1882 मध्येच शोधला होता. औषध यायला मात्र अजून जवळपास 60 वर्षं होती.

औषध नव्हतं, तेव्हा मतं भरपूर होती. 19व्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले अनेक डॉक्टर म्हणत, दिवस राहिले की क्षय आटोक्यात येतो. 1850 मध्ये फ्रेंच डॉक्टर ग्रिझोल यांनी नेमकं उलटं सांगितलं. मग वारं फिरलं आणि 20व्या शतकाच्या आरंभी क्षय झालेल्या गर्भवतीला गर्भपात सुचवला जाऊ लागला. बाई तीच, आजार तोच, सल्ला मात्र पार बदललेला.

दरम्यान व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्या लक्षात आलं, की ठणठणीत दिसणाऱ्या मुलांची त्वचाही ट्युबरक्युलिनला प्रतिसाद देते. म्हणजे जंतू आत आहे, पण निजलेला. हाच 'सुप्त' क्षयसंसर्ग. 1908 मध्ये शार्ल मांटू यांनी चाचणी सुधारली: हाताच्या त्वचेत थेंबभर ट्युबरक्युलिन टोचायचं आणि दोन-तीन दिवसांनी आलेली गाठ मोजायची. आपल्याकडे ती आजही करतात.

पण या चाचणीत एक गोम आहे. ती जंतू मोजत नाही, आपल्या प्रतिकारशक्तीला जंतूची आठवण आहे का, ते मोजते. गर्भारपणात शरीर पोटातल्या बाळाला परकं मानू नये, म्हणून प्रतिकारशक्तीचा नूर बदलतो. एचआयव्ही तर तिच्या मुळावरच घाव घालतो. म्हणजे जिला धोका जास्त, तिच्याच बाबतीत चाचणी गप्प बसण्याची शक्यता अधिक.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात हे आकड्यांत दिसलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचआयव्ही नसलेल्या 401 गर्भवती होत्या. रक्ताच्या नव्या चाचणीत 37% जणींमध्ये सुप्त संसर्ग दिसला, हातावरच्या चाचणीत फक्त 14% जणींमध्ये. एचआयव्ही असलेल्या गर्भवतींच्या पुढच्या अभ्यासात हेच आकडे 28% आणि 10% आले. आकडा घसरला म्हणून संसर्गही कमी, असं मात्र समजायचं नाही. अशक्त प्रतिकारशक्ती साक्षही अशक्तच देते.

बाळंतपणानंतर प्रतिकारशक्ती पूर्वपदावर येते आणि दबून राहिलेला आजार डोकं वर काढतो. ब्रिटनमधल्या 2012 च्या अभ्यासात बाळंतपणानंतरच्या 6 महिन्यांत क्षयाचा धोका जवळपास दुप्पट आढळला. बाळ अंगावर पीत असतं, तेच हे दिवस. आईचा खोकला 'अशक्तपणा आहे' म्हणून सोडून दिला जातो.

मग गर्भारपणातच प्रतिबंधाची गोळी का देऊ नये? आयसोनियाझिड 1952 पासून आहे. पण 1961 मध्ये थॅलिडोमाइडचा घोर अनुभव आल्यावर औषधांच्या चाचण्यांतून गर्भवतींना दूर ठेवायची रीत पडली. हेतू चांगला होता. परिणाम असा, की गोळ्या त्यांना मिळाल्याच, फक्त त्यांच्यावर पारखून न घेता. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्ही असलेल्यांना आयसोनियाझिड द्यायची शिफारस केली, त्यात गर्भवतीही होत्या.

उत्तर आलं 2019 मध्ये. भारतासह 8 देशांतल्या एचआयव्ही असलेल्या 956 गर्भवती या चाचणीत सहभागी झाल्या. पुणे त्यातलं एक केंद्र. निम्म्या जणींना गोळी गरोदरपणातच सुरू झाली, उरलेल्यांना बाळंतपणानंतर 12 आठवड्यांनी. क्षय दोन्ही गटांत थोड्यांनाच झाला, जवळपास सारखाच. पण अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची बाळं, गर्भपात, मृतजन्म असे वाईट परिणाम आधी गोळी घेतलेल्यांत 23.6% होते, नंतर घेणाऱ्यांत 17%.

वाद इथे मिटला नाही. सरसकट गोळी लांबवली, तर संरक्षणही लांबतं, अशी संघटनेची भूमिका राहिली. पण आता वाद मतांचा नाही, पुराव्याचा आहे, आणि तो पुरावा त्या 956 जणींनी दिला.

औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद कधीतरी उलगडून बघा. 'गर्भवतींबाबत पुरेशी माहिती उपलब्ध नाही' अशा अर्थाचं वाक्य त्यात अनेकदा सापडेल. ते वाचताना सावधगिरीची सूचना वाटते. खरं तर तो इतिहास आहे: ज्यांना कुणी विचारलंच नाही, त्यांचा.